पोस्टर सगळ्यात शेवटी: लेस्बियन स्त्रीवादी इतिहासाचे माहितीपट स्थानिक महोत्सवात कसे दाखवावेत

फिल्म क्लब, महिला संघटना, कॉलेजची फिल्म सोसायटी, जिल्ह्याच्या गावातला दोन दिवसांचा महोत्सव: लेस्बियन स्त्रीवादी इतिहासावरचे माहितीपट दाखवायची इच्छा आता बऱ्याच ठिकाणी दिसते. आणि जवळजवळ सगळीकडे काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी पोस्टर फिरतं, मग फिल्म शोधली जाते, मग हक्कांची आठवण होते. आदल्या दिवशी कळतं की सबटायटल फक्त इंग्रजीत आहेत, किंवा पडद्यावर दिसणाऱ्या एका बाईने आपल्या भागात ही फिल्म दाखवू नये असं दिग्दर्शिकेला केव्हाच सांगून ठेवलंय. मग कार्यक्रम रद्द होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तसाच रेटून नेला जातो.

या विषयात क्रम चुकला की त्याची किंमत आयोजक मोजत नाही. ती मोजते पडद्यावरची बाई, आणि प्रेक्षकांत घरी न सांगता येऊन बसलेली मुलगी. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. शंभर-दीडशे खुर्च्यांचं एक सभागृह आणि तीन ते पाच फिल्म असा विभाग धरून हे लिहिलं आहे. हातात किमान चार महिने हवेत.

टप्पा १: विभागाची चौकट एका वाक्यात लिहा

सुरुवातीलाच एक वाक्य कागदावर उतरवा. उदाहरणार्थ: "१९५० च्या दशकापासून २००० पर्यंत लेस्बियन स्त्रियांनी स्त्री-चळवळीच्या आत आणि तिच्याशी भांडत आपल्या संघटना कशा उभ्या केल्या." हे वाक्य पुढे चाळणीचं काम करतं. ते नसेल तर समितीतला प्रत्येक जण आपल्या आवडीची 'एलजीबीटी फिल्म' आणतो. मग विभागात एक प्रेमकथा, एक विनोदी लघुपट आणि पुरुषांच्या प्राइड मोर्च्यावरचा एक माहितीपट जमा होतो, आणि इतिहास कुठेच दिसत नाही.

दोन गल्लती वारंवार होतात. पहिली, कथापट इतिहास म्हणून लावणं. डिसेंबर १९९८ मध्ये, दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा 'फायर' हा चित्रपट दाखवणाऱ्या चित्रपटगृहांवर मुंबईत आणि दिल्लीत हल्ले झाले. त्याविरुद्ध दिल्लीत निदर्शनं झाली आणि त्यातूनच कॅलेरी ही लेस्बियन हक्कांची मोहीम उभी राहिली. इतिहास त्या निदर्शनांत आहे. चित्रपट स्वतः कल्पित कथा आहे. तुम्हाला हवा तो त्या बायकांविषयीचा माहितीपट, त्यांची मुलाखत किंवा त्यांचे कागद.

दुसरी गल्लत जास्त नाजूक आहे: जिने स्वतःला लेस्बियन किंवा स्त्रीवादी म्हटलेलं नाही, तिला परस्पर ते नाव देणं. २००२ चा 'मंजूबेन ट्रक ड्रायव्हर' हा शेर्ना दस्तूर यांचा माहितीपट सुंदर आहे. पुरुषी वेशात, पुरुषी रुबाबात वावरणारी ही ट्रकचालक पाहून तिला सरळ या विभागात टाकायचा मोह होतो. पण ती स्त्रीवादाचा झेंडा घेत नाही. अशी फिल्म महोत्सवाच्या दुसऱ्या विभागात लावा.

तपासा: तुमचं वाक्य विषयाशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीला वाचून दाखवा. तिने "म्हणजे समलैंगिकांवरच्या फिल्म ना?" असं विचारलं, तर वाक्य अजून सैल आहे.

टप्पा २: आधी माणसं गाठा, मग फिल्म शोधा

समितीत लेस्बियन किंवा क्वीअर स्त्रिया नसतील तर इथेच थांबा आणि त्यांना शोधा. सल्ला घेऊन बाजूला ठेवायचं नाही, निवडीचा अधिकार द्यायचा. मुंबईत १९९५ साली 'स्त्री संगम' हा गट सुरू झाला आणि पुढे तो 'लाबिया' या नावाने काम करू लागला. कोलकात्यात १९९९ मध्ये 'साफो' सुरू झाली. मुंबईत २००३ साली 'लर्ज़िश' हा लैंगिकतेवरचा चित्रपट महोत्सव झाला आणि २०१० पासून 'कशिश' होतो आहे. हे काम करणाऱ्या लोकांकडे फिल्मची नावंही असतात आणि कुठली फिल्म कुठे दाखवू नये याची माहितीही असते. ही दुसरी माहिती इंटरनेटवर मिळत नाही.

फिल्म शोधताना दिग्दर्शिका किंवा वितरक यांच्यापर्यंतच जा. न्यूयॉर्कची 'विमेन मेक मूव्हीज' ही १९७२ साली स्थापन झालेली संस्था स्त्रियांच्या फिल्म वितरित करते. लंडनची 'सिनेनोव्हा' १९९१ मध्ये दोन स्त्रीवादी वितरण संस्था एकत्र येऊन बनली. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फ्रेमलाइन' महोत्सवाने वितरणाचं कामही केलेलं आहे. भारतीय फिल्मसाठी बहुतेक वेळा थेट दिग्दर्शिकेलाच लिहावं लागतं.

आमच्या चर्चांमध्ये सुरुवातीच्या यादीत बहुधा येतात ती तीन नावं देतो, चौकटीत ती कशी बसतात ते दिसावं म्हणून. डेल मार्टिन आणि फिलिस लायन या सॅन फ्रान्सिस्कोतल्या जोडीवरचा जोन बायरेन यांचा २००३ चा माहितीपट १९५५ च्या 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' या लेस्बियन संघटनेपासून सुरू होणारा धागा देतो. कृष्णवर्णीय अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांच्या बर्लिनमधल्या वर्षांवरचा डागमार शुल्ट्झ यांचा २०१२ चा माहितीपट वंशभेद, स्त्रीवाद आणि लेस्बियन असणं एकत्र मांडतो. जातीच्या प्रश्नाशी जोडून बोलायला आपल्याकडे हाच सगळ्यात उपयोगी पडतो असं माझं मत आहे. न्यूयॉर्कच्या लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज या संग्रहावर मेगन रॉसमन यांचा 'द आर्काइव्हेट्स' आहे. भारतातली बाजू रिकामी ठेवू नका. बंगालमध्ये नंदीग्राम भागात २०११ साली दोन तरुणींनी आत्महत्या केली. त्यांच्यावरचा देबलीना यांचा माहितीपट जड आहे, पण महत्त्वाचा आहे.

निवडीआधी प्रत्येक फिल्म समितीने पहिल्या मिनिटापासून शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत पाहायची. ट्रेलर पाहून निवड करू नका. पाहताना प्रत्येकाने चार गोष्टी टिपायच्या: हिंसेची किंवा आत्महत्येची दृश्यं कुठल्या मिनिटाला आहेत, नग्नता कुठे आहे, चेहरा झाकलेल्या व्यक्ती आहेत का, आणि कुठल्या संदर्भाशिवाय मराठी प्रेक्षक अडेल. या नोंदी पुढे पाच वेळा लागतात.

इशारा: समितीला पाहण्यासाठी आलेली लिंक आणि पासवर्ड पुढे पाठवू नका, 'फक्त मैत्रिणीला' सुद्धा नाही. या फिल्ममधल्या काही स्त्रियांनी विशिष्ट ठिकाणच्या प्रदर्शनापुरतीच संमती दिलेली असते.

टप्पा ३: दाखवण्याचा हक्क लेखी घ्या

फिल्म यूट्यूबवर आहे, किंवा ओटीटीचं वर्गणीखातं आहे, म्हणून ती सभागृहात दाखवता येत नाही. ते हक्क घरी पाहण्यापुरते असतात. कॉलेजं नेहमी म्हणतात, "आम्हाला शैक्षणिक सूट आहे." कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेसाठी सवलत आहे, पण ती प्रेक्षक म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढ्यांपुरतीच. दार गावासाठी उघडलं की ती सवलत संपते.

पहिल्याच ईमेलमध्ये हे सगळं सांगा: तारीख, गाव, सभागृह, खुर्च्या किती, तिकीट आहे की नाही, किती खेळ, महोत्सवाचं बजेट किती. बजेट लहान असेल तर तसं स्पष्ट लिहा. स्त्रीवादी वितरक आणि स्वतंत्र दिग्दर्शिका छोट्या महोत्सवांशी शुल्काबद्दल बोलायला तयार असतात, पण त्यांना अंदाज बांधत बसायला लावू नये.

मग हे विचारा, आणि उत्तर लेखीच मागा:

मराठी सबटायटल बनवायला परवानगी आहे का, आणि ते नंतर कोणाच्या मालकीचे?
प्रसिद्धीसाठी कुठली छायाचित्रं वापरायची? दिग्दर्शिकेने दिलेलीच, की फिल्ममधून स्वतः कापलेली चालतील?
फिल्ममधल्या गाण्यांचे आणि जुन्या चित्रफितींचे हक्क अजून चालू आहेत का? १९७०-८० च्या मोर्च्यांची दृश्यं आणि त्या काळची गाणी असलेल्या माहितीपटांत हे हक्क ठरावीक वर्षांसाठी घेतलेले असतात. ते संपले असतील तर दिग्दर्शिका स्वतःच 'दाखवू नका' म्हणते.
ज्या व्यक्ती पडद्यावर दिसतात, त्यांची भारतात, आणि भारतीय फिल्म असेल तर त्यांच्या भाषेच्या प्रदेशात दाखवायला आजही संमती आहे का?

शेवटचा प्रश्न लोक गाळतात, कारण तो विचारताना संकोच वाटतो. तो गाळू नका. पंधरा वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासमोर बोललेली बाई आज नोकरी बदलून दुसऱ्या शहरात असू शकते, तिची मुलं मोठी झालेली असू शकतात. दिग्दर्शिकेने "थांबा, तिला विचारून सांगते" म्हटलं, तर थांबा. उत्तर 'नको' आलं, तर ती फिल्म यादीतून काढा, कारण विचारू नका.

पैसे परदेशात पाठवायचे असतील तर संस्थेच्या सनदी लेखापालाला याच टप्प्यावर भेटा. करकपात, बँकेचे फॉर्म आणि समोरच्या देशाचं कर-रहिवासाचं प्रमाणपत्र यात आठवडे जातात. वितरकाकडून बिल संस्थेच्या नावाने घ्या, कोणा एकाच्या नावाने नको.

तपासा: प्रत्येक फिल्मसाठी एक फाइल. तिच्यात लेखी परवानगी, शुल्काचा आकडा आणि मान्य छायाचित्रं. एकाही फाइलमध्ये 'फोनवर हो म्हणाल्या' एवढंच असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: प्रमाणपत्राची सूट, सभागृह आणि पोलीस

भारतात सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. ते माहितीपटांनाही लागू आहे. २००४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने भारतीय फिल्मसाठी प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा माहितीपटकारांनी एकत्र येऊन 'विकल्प' हा समांतर महोत्सव भरवला, तो याच प्रश्नावर. प्रमाणपत्र नसलेल्या फिल्म महोत्सवात दाखवायच्या तर सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ च्या कलम ९ खाली सूचना आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. अर्जासोबत फिल्मचे गोषवारे आणि निवड समितीची माहिती जोडतात. महोत्सव बिगर-व्यावसायिक असावा लागतो आणि प्रेक्षक नोंदणी केलेले प्रतिनिधी असावे लागतात. म्हणजे 'सर्वांना खुला, कोणीही या' अशी जाहिरात आणि ही सूट एकत्र बसत नाहीत. हे पोस्टर छापल्यावर कळून उपयोग नाही.

गोषवारा प्रामाणिक लिहा. विषय झाकून 'स्त्रियांच्या मैत्रीची कहाणी' असं लिहिलं आणि नंतर कोणी तक्रार केली, तर तुमची बाजू तिथेच लंगडी होते.

तुमच्या गावात फिल्म सोसायट्यांच्या देशपातळीवरच्या फेडरेशनशी संलग्न फिल्म सोसायटी असेल तर सभासदांसाठीच्या खेळांचे नियम वेगळे असतात. त्यांच्या कार्यवाहांशी आधी बोला. कधी कधी त्यांच्यासोबत मिळून विभाग करणं सगळ्यांत सोपं पडतं.

सभागृहाच्या करारात कार्यक्रमाचं पूर्ण नाव हवं. व्यवस्थापक म्हणेल, "मॅडम, नुसतं 'महिला चित्रपट' लिहू या ना." नम्रपणे नाही म्हणा: "साहेब, नाव हेच आहे, करारात तेच राहू द्या." नाव लपवून घेतलेलं सभागृह विरोध होताच काढून घेतलं जातं, आणि तेव्हा भांडायला तुमच्या हातात कागद नसतो. बेकायदा काही नाही याची खात्री द्यायची असेल तर समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा, कलम ३७७ वरचा सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा नवतेज सिंग जोहर निकाल आणि ७ जून २०२१ चा मद्रास उच्च न्यायालयाचा एस. सुषमा निकाल यांची एकेक प्रत सोबत ठेवा. दुसरा निकाल घर सोडलेल्या दोन तरुणींच्या अर्जावरचा आहे आणि त्यात पोलिसांसाठीही निर्देश आहेत, म्हणून ठाण्यात बोलताना तो कामी येतो.

स्थानिक पोलीस ठाण्याला कार्यक्रमाची लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. करमणुकीच्या परवान्याचे नियम शहरागणिक वेगळे असतात. सभागृहाकडे स्वतःचा परवाना आहे का ते आधी विचारा. माहिती देताना फिल्मची नावं आणि वेळा द्या, पण प्रेक्षकांची यादी कोणालाही देऊ नका.

टप्पा ५: मराठी सबटायटल

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि आयोजक सगळ्यात कमी. इंग्रजी सबटायटलवर फिल्म दाखवली की सभागृहात फक्त इंग्रजी वाचणारे उरतात. ज्यांच्यासाठी हा इतिहास घरापर्यंत न्यायचा, त्या बाहेर राहतात.

अ) दिग्दर्शिकेकडून संवादयादी मागा. यंत्राने आपोआप काढलेल्या मथळ्यांवरून भाषांतर करू नका. १९७० च्या मोर्च्यातला आवाज, वयस्क बायकांचे उच्चार आणि संघटनांची नावं यंत्र हमखास चुकवतं.

आ) मुलाखतींवर उभा असलेला तासाभराचा माहितीपट म्हणजे आठशे-हजार सबटायटल सहज होतात. दोघींनी वाटून घेतलं तरी तीन आठवडे धरा.

इ) काम सुरू करण्याआधी शब्दांची एक यादी बनवा आणि समितीतल्या लेस्बियन मैत्रिणींकडून ती पक्की करून घ्या. एकाच बाईला एका ठिकाणी 'समलिंगी', दुसऱ्या ठिकाणी 'लेस्बियन' आणि तिसऱ्या ठिकाणी 'तसली' असं होता कामा नये. पडद्यावर कोणी शिवी देत असेल तर ती शिवीच ठेवा, सौम्य करू नका. छळ किती होता हे प्रेक्षकाला कळायला हवं.

ई) एका ओळीत साधारण पस्तीस अक्षरं, एका वेळी दोनच ओळी. मराठी वाक्य लांबलं तर अर्थ ठेवून शब्द कापा.

उ) फलक, मासिकांची मुखपृष्ठं, वर्तमानपत्रांचे मथळे यांचंही भाषांतर हवं. या फिल्ममध्ये अर्धा इतिहास बायकांच्या हातातल्या फलकांवर लिहिलेला असतो आणि तो नेमका सबटायटलमधून सुटतो. मोर्च्यातल्या घोषणा आणि गाण्यांच्या ओळीही तशाच सुटतात.

ऊ) सबटायटल फाइल फिल्मच्या नेमक्या त्याच प्रतीवर लावून पाहा. २५ फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली फाइल २४ फ्रेमच्या प्रतीवर लावली तर तासाच्या शेवटी जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक पडतो.

ए) देवनागरी सबटायटल चित्रातच पक्के बसवून घ्या. सुटी फाइल वाजवणारी बरीच यंत्रं जोडाक्षरं तोडतात, वेलांटी चुकीच्या जागी टाकतात. 'स्त्री'चा 'स् त् री' झालेला मोठ्या पडद्यावर पाहवत नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत फॉन्ट दूरवरूनही नीट वाचता येतात. पांढऱ्या अक्षरांना बारीक काळी कड द्या, कारण जुन्या चित्रफितींत आकाश आणि कागद पांढरेफटक असतात.

तपासा: फिल्म न पाहिलेल्या आणि इंग्रजी फारसं न येणाऱ्या दोन व्यक्तींना पूर्ण फिल्म आवाज बंद ठेवून दाखवा. त्या कुठे अडतात ते मिनिटासह टिपा.

टप्पा ६: खेळांचा क्रम आणि हातपत्रक

एका सत्रात एकच मोठा माहितीपट, त्यानंतर अर्धा तास चर्चा आणि मग चहाची सुट्टी. सलग दोन माहितीपट लावले की दुसऱ्याला अन्याय होतो.

मृत्यू किंवा छळावरची फिल्म पहिली ठेवू नका आणि रात्रीची शेवटचीही नको. पहिली फिल्म अशी हवी की जिच्यात बायका एकत्र येऊन काहीतरी उभं करताना दिसतील: मासिक, संग्रह, संघटना. जड फिल्म दुपारी, आणि तिच्यानंतर मोठी सुट्टी. रात्री उशिरा संपणारा खेळ गावाबाहेरून आलेल्या मुलींना परवडत नाही. शेवटच्या एसटीची वेळ पाहून वेळापत्रक लावा.

हातपत्रक एकच पान असावं आणि त्यावर वर्षं असावीत. १९५५, सॅन फ्रान्सिस्कोत डॉटर्स ऑफ बिलिटिस, पुढच्या वर्षी त्यांचं 'द लॅडर' हे मासिक. १ मे १९७०, न्यूयॉर्कमध्ये स्त्री-चळवळीच्याच परिषदेत 'लॅव्हेंडर मेनेस' (जांभळा धोका) लिहिलेले शर्ट घालून लेस्बियन कार्यकर्त्यांनी मंचाचा ताबा घेतला. १९७४, हर्स्टरी आर्काइव्ह्ज. १९७७, कृष्णवर्णीय लेस्बियन स्त्रीवाद्यांचं कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हचं निवेदन. त्याच पानावर शेजारी: १९८७-८८, मध्य प्रदेशात एकमेकींशी लग्न केलेल्या दोन महिला पोलिसांची नोकरी गेली. १९९१, दिल्लीत सखी हा लेस्बियन गट. १९९५, मुंबईत स्त्री संगम, आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत दक्षिण आफ्रिकेच्या बेव्हर्ली डिट्सी यांचं लेस्बियन हक्कांवरचं भाषण. १९९८, फायर आणि कॅलेरी. २०१८, कलम ३७७ चा निकाल. दोन्ही स्तंभ शेजारी असले की "हे सगळं बाहेरचं आहे" हा प्रश्न बऱ्याच वेळा विचारलाच जात नाही.

वर्षं तपासायला संग्रहांची मदत घ्या. मुंबईत १९८८ पासून 'स्पॅरो' हा स्त्रियांविषयीचा ध्वनि-चित्र संग्रह आहे आणि बंगळुरूत 'क्वामरा' हा क्वीअर संग्रह आहे.

टप्पा ७: नोंदणी अशी ठेवा की कोणाचं गुपित फुटणार नाही

महोत्सवाच्या सूटीसाठी प्रतिनिधी नोंदणी लागते, म्हणून नोंदणी टाळता येत नाही. पण ती शहाणपणाने करता येते.

नोंदणी संपूर्ण महोत्सवाची घ्या, विभागाची वेगळी नको. पावतीवर आणि फोनवर येणाऱ्या संदेशात फक्त महोत्सवाचं नाव असू द्या. घरातला फोन अनेकदा सामाईक असतो आणि यूपीआयची नोंद नवरा किंवा भाऊ पाहतो. पैसे ज्या खात्यात जातात त्याचं नावही तपासा. व्हॉट्सॲप गट बनवू नका, कारण गटात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट यादी वापरा. ओळखपत्रावर नाव छापू नका, ज्याला हवं त्याने स्वतः लिहावं, हवं ते नाव.

इशारा: नोंदणीची यादी एकाच संगणकावर, पासवर्डखाली, दोनच व्यक्तींकडे. प्रायोजकाने किंवा पत्रकाराने मागितली तरी द्यायची नाही.

टप्पा ८: आता पोस्टर

परवानग्या, सूट, करार, सबटायटल आणि वेळापत्रक हातात आल्यावरच. पोस्टरवर दिग्दर्शिकेने दिलेलंच छायाचित्र वापरा. जुन्या मोर्च्याच्या गर्दीतला चेहरा मोठा करून छापू नका; ती बाई फिल्ममध्ये गर्दीत होती, तुमच्या चौकात ती एकटी होते. भारतीय फिल्मसाठी शक्यतो चेहरा नसलेलं चित्र घ्या. कलाकाराकडून रेखाटन करून घेतलं तर उत्तमच.

'धाडसी', 'बोल्ड', 'वर्ज्य विषय' हे शब्द टाळा. ते चुकीचा प्रेक्षक आणतात आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांना दूर ठेवतात. जड फिल्मच्या नावाखाली एका ओळीत सूचना द्या: 'या माहितीपटात आत्महत्येचा उल्लेख आहे.'

टप्पा ९: पडद्यावरची चाचणी

चाचणी त्याच सभागृहात, त्याच यंत्रावर, किमान दोन दिवस आधी.

डीसीपी (चित्रपटगृहाच्या सर्व्हरवर चालणारी डिजिटल प्रत) आला असेल आणि त्याला कुलूप असेल, तर चावी त्या ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. सर्व्हरचा क्रमांक सभागृहाकडून तीन आठवडे आधी घेऊन वितरकाला पाठवा, आणि चावीच्या मुदतीत चाचणीचा दिवस येतो ना ते पाहा. नाहीतर चाचणीलाच पडदा काळा राहतो. डीसीपी सर्व्हरवर चढवायलाही वेळ लागतो.

या विषयावरचे बरेच माहितीपट जुन्या व्हिडिओवर चित्रित झालेले आहेत. त्यांची चौकट चौरसासारखी, चारास तीन असते. ऑपरेटर सवयीने ती ताणून रुंद करतो आणि सगळ्या बायका बुटक्या-जाड दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर त्या राहू द्या. अमेरिकी व्हिडिओवरची फिल्म सेकंदाला तीसच्या आसपास फ्रेमची असते. ती परस्पर बदलू नका, मूळ वेगातली फाइल मागा. जुन्या सर्व्हरला २४ सोडून इतर वेग जमतात का, हे याच वेळी कळतं.

आवाज मागच्या रांगेत बसून ऐका. चाळीस वर्षांपूर्वीची मुलाखत घरगुती स्पीकरवर ठीक वाटते आणि सभागृहात घुमते. सबटायटलची खालची ओळ समोरच्या डोक्यांनी झाकली जाते का, तेही तिथूनच दिसतं.

तपासा: पर्यायी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर, आणि ती सुद्धा पहिली पाच मिनिटं लावून पाहिलेली.

टप्पा १०: त्या दिवशी

सुरुवातीची घोषणा छोटी ठेवा आणि आधी लिहून काढा. तिच्यात तीन गोष्टी: फोटो आणि रेकॉर्डिंग बंद, सूचना असलेल्या दृश्याआधी बाहेर जायची मोकळीक, आणि बोलायला कोणाशी संपर्क करायचा. समितीतली एखादी समुपदेशक बाहेरच्या खोलीत बसलेली असावी. आत्महत्येचा उल्लेख असलेल्या फिल्मआधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पडद्यावर दाखवा.

पत्रकारांना वेगळं सांगा: मंचावरच्या, संमती दिलेल्या व्यक्तींचेच फोटो, प्रेक्षकांचे नाहीत. वृत्तवाहिनीचा कॅमेरा सभागृहात घेऊ नका.

चर्चा हा सगळ्यात जास्त बिघडणारा भाग आहे. 'बाजूने आणि विरोधात' असा वाद लावू नका. कोणाचं आयुष्य वादाचा विषय नाही. सूत्रधार बाई असावी, शक्यतो लेस्बियन, आणि तिने फिल्म दोनदा पाहिलेली असावी. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. माइक फिरवला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या आवाजाच्या पुरुषाचा असतो, आणि ज्यांना खरंच विचारायचं असतं त्या गप्प बसतात. चिठ्ठीने हात न वर करताही प्रश्न पोचतो. 'तुम्ही लेस्बियन आहात का?' हा प्रश्न पाहुणीला किंवा प्रेक्षकांतल्या कोणालाही विचारू द्यायचा नाही, सूत्रधाराने तो वाचायचाच नाही.

'मित्राची गोष्ट' किंवा 'उंबरठा'चा विषय निघेलच. 'मित्राची गोष्ट' हे तेंडुलकरांचं नाटक १९८१ चं, 'उंबरठा' हा चित्रपट १९८२ चा; मराठी प्रेक्षकाला हा विषय तिथूनच ठाऊक असतो. त्यावर थोडं बोलू द्या, आणि मग सूत्रधाराने चर्चा पुन्हा पडद्यावरच्या खऱ्या बायकांकडे आणावी: त्या स्वतः काय म्हणाल्या?

दाराबाहेर विरोधक आले तर सगळ्यांसमोर वाद घालू नका. आधी नेमलेली एकच व्यक्ती पोलिसांशी बोलेल, पोच असलेली प्रत तिच्याकडे असेल. दुसरी व्यक्ती मागचं दार उघडं आहे का ते पाहील. खेळ थांबवायचा की नाही हा निर्णय फक्त समितीच्या प्रमुखाचा. हे तिघांनी आधी ठरवून लिहून ठेवायचं.

टप्पा ११: नंतरची कामं

दुसऱ्या दिवशी सर्व्हरवरच्या आणि ड्राइव्हवरच्या प्रती करारानुसार पुसा किंवा परत पाठवा आणि तसं वितरकाला कळवा. सभागृहाच्या ऑपरेटरने 'आठवण म्हणून' ठेवलेली प्रत सगळ्यात जास्त फिरते. त्याच्यासमोरच ती काढून टाका. शुल्क ठरल्या तारखेला द्या.

दिग्दर्शिकेला पत्र लिहा: किती प्रेक्षक आले, कुठले प्रश्न आले, कुठल्या दृश्यावर सभागृह हललं. ती हे पुढे पडद्यावरच्या बायकांना सांगते. मराठी सबटायटलची फाइल तिला द्या, म्हणजे नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या पुढच्या महोत्सवाला तेच काम पुन्हा करावं लागणार नाही.

चिठ्ठ्यांवरचे प्रश्न टाइप करून ठेवा आणि मूळ चिठ्ठ्या फाडून टाका, हस्ताक्षर ओळखता येतं. हिशोब पूर्ण झाला आणि कायद्याने ठेवायची कागदपत्रं वेगळी काढली की नोंदणीची यादीही पुसा, बॅकअपसकट.